मराठी बोलणारा प्रत्येक वेळी शिपाईच का?

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून भाचा आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शीरखुर्मा झाल्यावर त्याने बॅगेतून एक निळा, चमकता, कोनाकोनांचा खडा काढून दस्तरखानावर ठेवला. त्यावर बारीक आकडे होते, एकपासून वीसपर्यंत. अम्मींनी चष्मा लावून तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ये किस मर्ज की दवा है?"

तो फासा होता. वीस बाजूंचा. भाच्याने त्या दुपारी आम्हा सगळ्यांना त्याच्या भोवती बसवलं. मला त्याने चोर केलं, माझ्या बहिणीला हकीम, माझ्या बायकोला तिरंदाज. अम्मी म्हणाल्या, मी आहे तीच बरी आहे. मग तो थोडा पुढे झुकून म्हणाला, "मामू, तुम्ही एका जुन्या हवेलीच्या दारापाशी उभे आहात. आत दिवा जळतोय. कुणीतरी खोकलं. काय करता?"

मी विचारलं, "काय करायचं असतं?"

"तेच तर तुम्ही सांगायचं."

वीस वर्षं वर्गात प्रश्न विचारण्यात गेली. असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मीही कुणाला विचारला नव्हता. मी सांगितलं, चपला काढून हातात घेतो आणि मागच्या खिडकीतून आत जातो. भाचा म्हणाला, जमतं का ते फासा सांगेल, बारा किंवा वर यायला हवं. मला तीन आले. खिडकीखाली पितळी भांड्यांचा ढीग होता म्हणे. अम्मी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. रात्री अकरापर्यंत आम्ही त्या हवेलीत होतो.

खेळ एवढाच आहे. एक जण गोष्ट सांगतो, जागा उभी करतो, वाटेत भेटणाऱ्या माणसांच्या तोंडून बोलतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राने काय करायचं ते स्वतः ठरवतात. जिथे जमेल की नाही अशी शंका असते तिथे फासा टाकायचा. हरणं-जिंकणं नाही, पट असलाच पाहिजे असंही नाही. या प्रकारातला पहिला छापील खेळ अमेरिकेत १९७४ साली निघाला, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. तोवर लोक टेबलावर शिशाच्या सैनिकांच्या लढाया खेळत. या दोघांच्या खेळात एका खेळाडूच्या हाती फौज राहिली नाही, एकच माणूस आला. बाकी सगळं त्यातून निघालं.

आपल्याकडे मोक्षपट होता, जो परंपरेने ज्ञानेश्वर माउलींच्या नावावर सांगतात. सूफींकडे 'शतरंज-उल-आरिफीन' नावाचा शंभर घरांचा तसाच पट होता, तो इब्न अरबींच्या नावावर. शिडी चढली की सद्गुण, साप गिळला की नफ्स. पण तिथे खेळणाऱ्याच्या हातात काहीच नसतं, फासा नेईल तिकडे सोंगटी जाते. इथे आधी तुम्ही ठरवता, फासा फक्त ते जमलं की नाही एवढं सांगतो. वर्गात शिकवणाऱ्या माणसाला हा फरक मोठा वाटतो.

मला खेळ इतका ओळखीचा का वाटला ते दोन दिवसांनी लक्षात आलं. दास्तान! माझ्या आजोबांकडे लखनऊच्या मुन्शी नवलकिशोर छापखान्याच्या 'तिलिस्मे-होशरुबा'चा एक फाटका भाग होता. ती छापायला सुरुवात झाली १८८३ साली, आणि अमीर हमजाच्या दास्तानींचा सगळा पसारा पुढे शेहेचाळीस भागांपर्यंत गेला. त्यातला अमर अय्यार मला लहानपणापासून पाठ. त्याच्याकडे जंबील नावाची झोळी असते, तीत अख्खं शहर मावतं. भाच्याच्या खेळातही अशीच एक पिशवी निघाली, तिच्या पोटात पोत्यानं सामान जातं आणि वजन तेवढंच राहतं. मी त्याला म्हटलं, बाबा रे, ही तर आमच्या अमरची. तो म्हणाला, "मामू, मग तुम्ही लिहा ना याच्यावर. मराठीत कुणीच लिहीत नाही."

दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ साली गेले, त्यांना जुन्या परंपरेतला शेवटचा दास्तानगो म्हणतात. २००५ मध्ये शम्सुर्रहमान फारूकींच्या मार्गदर्शनाने महमूद फारूकींनी दास्तानगोई पुन्हा रंगमंचावर आणली. पण दास्तानीतही ऐकणाऱ्याने फक्त वाहवा करायची असते. अमरने काय करावं हे कुणी श्रोत्याला विचारत नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. उर्दू माध्यमाच्या मुलांचं मराठी हे माझं जुनं दुखणं आहे. मुलं पेपरात पास होतात, निबंध पाठ करतात, 'माझा आवडता ऋतू' बिनचूक उतरवतात. आणि उत्पन्नाचा दाखला काढायला सेतू केंद्रात गेली की काउंटरपुढे गप्प उभी राहतात. घरी येऊन म्हणतात, अब्बा आप चलो. अब्बाही त्याच शाळेतून गेलेले. भातकुलीत चार पावलं गेलं की मराठीच कानावर पडते, मुलांना समजतेही सगळी. बोलताना मात्र गळा आवळल्यासारखा होतो, कारण आजवर मराठी बोलायची वेळ आली ती कुणीतरी तपासत असतानाच. वर्गात मी तपासतो, कचेरीत साहेब.

बी.एड.ला आम्हाला 'भूमिकापालन' नावाची पद्धत शिकवली होती. सूक्ष्म पाठात मी एकाला भाजीवाला केलं, एकाला गिऱ्हाईक. दोघांचे संवाद मीच लिहून दिले होते. निरीक्षकांनी चांगले गुण दिले. आता कळतं की ती भूमिका नव्हती, ते पाठांतरच होतं, फक्त उभ्याने केलेलं.

ईदनंतरच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी नऊ मुलं थांबवली. सातवी-आठवीची. पाच मुलगे, चार मुली. फासा भाचा देऊन गेला होता. पहिल्याच दिवशी दीड तास कसा गेला कळलं नाही. दुसऱ्या शनिवारी सात मुलं आली, आणि सोमवारी एका मुलीचे वडील शाळेत.

त्यांचं किराण्याचं छोटं दुकान आहे. आवाज न चढवता बोलणारा माणूस. "सर, आप उस्ताद हैं, आपको मैं क्या बोलूँ. लेकिन पासा?" ते एवढंच म्हणाले आणि थांबले. मला त्यांचं म्हणणं पुरतं ठाऊक होतं. नर्दशीर या फाशांच्या खेळाविषयी सहीह मुस्लिममध्ये फार कडक हदीस आहे. पैसे लावले नाहीत तर चालतं का, यावर उलेमांमध्ये बोलणं झालेलं आहे, पण बहुतेकांचा कल नको म्हणण्याकडेच. मी मुफ्ती नाही. 'यात जुगार नाही' एवढ्या एका वाक्यावर त्या माणसाला गप्प करणं मला सोपं होतं, कारण मी शिकलेला आणि तो दुकानदार. ते मी केलं नाही, याचं मला आज बरं वाटतं.

मी त्यांना विचारलं, "चिठ्ठी चालेल?"

कुरआ, म्हणजे चिठ्ठी टाकून ठरवणं, आपल्याकडे नवं नाही. हजरत युनूसांच्या नावेतला कुरआ कुरआनात आहे, बीबी मरयमचा सांभाळ कुणी करायचा यासाठी कलमं टाकली गेली तेही आहे. सफरीला निघताना कोणती पत्नी सोबत येईल हे रसूलुल्लाह ﷺ कुरआ टाकून ठरवत, हे बुखारीत आहे. नशीब पाहण्यासाठी टाकायचे बाण, अजलाम, ते वेगळे आणि हराम. वडिलांनी थोडा विचार केला. म्हणाले, "नसीब नहीं देखना, बस्स खेल का फैसला?" मी म्हटलं, बस्स तेवढंच. ते म्हणाले, ठीक आहे, लेकीला पाठवतो. जाताना दारातून वळून विचारलं, "जादू-वादू तो नहीं है ना उसमें?" मी म्हटलं, आहे, तिलिस्मे-होशरुबात आहे तेवढी. ते हसले. त्यांच्या वडिलांनी ती वाचलेली होती.

(अमेरिकेतही १९८० च्या दशकात ख्रिस्ती पालकांनी याच खेळावर सैतानी असल्याचा आरोप करून मोठा गदारोळ केला होता. तिथे कुणी चिठ्ठीचा पर्याय काढला नसावा.)

आता आमच्याकडे बिस्किटांचा रिकामा डबा आहे आणि त्यात वीस चिठ्ठ्या. पहिल्या दिवशी चिठ्ठी काढून परत टाकत होतो. मग आठवीतल्या एका मुलाने सुचवलं की काढलेली चिठ्ठी बाहेरच ठेवू, वीसच्या वीस संपल्या की सगळ्या परत टाकू. गणिताच्या दृष्टीने हा वेगळाच खेळ झाला. फाशाला आठवण नसते. दहा वेळा वाईट आलं तरी अकराव्या वेळी वीस येण्याची शक्यता विसात एकच. डब्याला आठवण असते. लहान आकडे बाहेर आले की मोठे आतच उरतात. मुलं बोटांवर मोजायला लागली, "सर, सतरा अभी बाहर नहीं आया, अठरा भी अंदर है, अब रुकना नहीं, लड़ लेना." संभाव्यतेचा धडा त्यांच्या पुस्तकात अजून यायचाय. भाच्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, हा फाशापेक्षा भारी आहे.

गोष्टीची जागा मी इथलीच घेतली. आमचा पट्टा खारपाण. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाण्यापर्यंत जमिनीखालचं पाणी खारं. विहीर खोदली तरी प्यायला उपयोग नाही, ओलिताला दिलं तर जमीन बिघडते. त्यामुळे 'गोड पाण्याची विहीर' एवढे शब्द उच्चारले की इथल्या मुलाचे कान उभे राहतात, ड्रॅगन लागत नाही. काळ घेतला इमादशाहीचा. १४९० मध्ये फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क वऱ्हाडात स्वतंत्र झाला. इतिहासकार फरिश्ता सांगतो की तो मूळचा विजयनगरकडचा, हिंदू घरात जन्मलेला, लहानपणी पकडून आणलेला. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ते राज्य संपवलं. पाठ्यपुस्तकात त्याला एखादी ओळ मिळते. माझी मुलं आता त्या राज्याची नोकर आहेत. अचलपूरच्या दरबाराने सात जणांना पेढी नदीच्या काठाने पाठवलंय, तिलिस्मात बंद असलेली गोड पाण्याची विहीर शोधायला.

मराठीचं काम मी मोठ्या हुशारीने, म्हणजे मला तेव्हा तसं वाटत होतं, गोष्टीत बसवलं. वाटेत नाके ठेवले. नाक्यावरचा शिपाई फक्त मराठी बोलतो, मराठीच ऐकतो. पुढे जायचं तर त्याच्याशी मराठीत बोलावं लागेल. मुलं अडखळत बोलायची, मी शिपाई होऊन दरडवायचो, "काहून आला बे इकडं? कागद दाखव!" दोन नाके झाले, तीन झाले. चौथ्या नाक्यावर मी आवाज घोगरा करून सुरुवात केली, तोच त्या दुकानदाराच्या मुलीने हात वर केला. ती खेळात फारशी बोलतच नसे. म्हणाली, "सर, मराठी बोलनेवाला हर बार शिपाईच कायकू रैता?"

तिच्या वाक्यातला 'शिपाईच'मधला 'च' पाहा. हा आपल्या दखनी बोलीने मराठीकडून घेतलेला आहे, शेकडो वर्षांपूर्वी, लखनऊ-दिल्लीच्या उर्दूत तो नाही. जिच्या उर्दूत मराठी अशी मुरलेली आहे, त्या मुलीला मी मराठीची एकच ओळख दिली होती. अडवणारी. कागद मागणारी. मुलांची भीती घालवायला निघालो आणि तिलाच डोक्यावर पगडी, हातात काठी देऊन नाक्यावर उभं केलं. खरं सांगतो, मी काही उत्तर दिलं नाही. घड्याळ पाहिलं आणि आज इथंच थांबू म्हटलं.

आता दुसरी गोष्ट, जिच्यामुळे हा लेख तीन महिने रखडला.

मराठीत लिही असं भाचा म्हणाला तेव्हापासून मी या खेळांचा इतिहास वाचत होतो. त्यात मला एक नाव सापडलं आणि मी खुर्चीतून उठलोच. मुहम्मद अब्द-अल-रहमान बार्कर. जन्म १९२९, अमेरिकेत. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला शिष्यवृत्तीवर भारतात आले आणि इथेच इस्लाम स्वीकारला. भाषाशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या क्लॅमथ या आदिवासी भाषेचं व्याकरण लिहिलं, बलुची शिकवणारं पुस्तक केलं. कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातून १९६७ साली निघालेलं 'अ कोर्स इन उर्दू' हे तीन खंडांचं पाठ्यपुस्तक त्यांचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. उर्दू वर्तमानपत्रांत कोणता शब्द किती वेळा येतो हे मोजून त्याचंही पुस्तक काढलं. पुढे मिनेसोटा विद्यापीठात शिकवत. आणि याच माणसाने १९७५ साली 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हा खेळ लिहिला, डंजन्स अँड ड्रॅगन्सनंतर अवघ्या एका वर्षात, त्याच कंपनीसाठी. टेकुमेल नावाची अख्खी दुनिया, युरोपातल्या राजा-सरदारांच्या छापाची नाही, तर भारत, मध्यपूर्व, मिसर, मेक्सिको यांचे रंग असलेली. तिच्या भाषा त्यांनी रचल्या, व्याकरणासकट, लिपीसकट. आर्नेसन त्यांच्या टेबलावर खेळायला बसत.

उर्दूचा मास्तर! म्हणजे या खेळाच्या अगदी पाळण्यापाशी आपल्या पेशाचा, आपल्या दीनचा माणूस उभा होता. मी एका बैठकीत सहा पानं लिहिली. सगळीकडे 'बार्करसाहेब', सगळीकडे आदरार्थी बहुवचन. आमच्या स्टाफरूममध्ये वाचूनही दाखवली.

मग भाच्याचा मेसेज आला, "मामू, २०२२ चं वाचलं का?"

बार्कर २०१२ मध्ये वारले. २०२२ साली त्यांच्या दुनियेचा वारसा सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशननेच जाहीर केलं की १९९१ मध्ये त्यांनी टोपणनावाने एक कादंबरी लिहिली होती. नव-नाझी प्रकाशनाने छापलेली, ज्यूंचा द्वेष करणारी, हिटलरच्या एसएसचे वारस जिच्यात नायक आहेत अशी. शिवाय होलोकॉस्ट झालाच नाही असं सांगणाऱ्या एका नियतकालिकाच्या सल्लागार मंडळात ते वर्षानुवर्षं होते. फाउंडेशनने हे आपल्याला आधी माहीत होतं आणि आपण बोललो नाही, हेही कबूल केलं.

सहा पानं मी कपाटात ठेवली.

एक सहकारी म्हणाले, तेवढा भाग सोडून द्या, कोण विचारतंय भातकुलीत. दुसरे म्हणाले, आणि जरा खालच्या आवाजात म्हणाले, "छोड़ो ना सर, यहूदियों के खिलाफ ही तो लिखा." या दुसऱ्या वाक्यावर मला इथे थोडं थांबायचं आहे, कारण आपल्या वाचकांपैकीही कुणाच्या मनात ते आलं असेल. गाझात जे झालं ते पाहून माझीही झोप उडाली आहे. इस्रायलच्या सरकारबद्दल मला जे म्हणायचं ते मी म्हणतो आणि म्हणेन. पण साठ लाख माणसं मारली गेली आणि कुणी म्हणतो ती मारलीच गेली नाहीत, तर त्यात पॅलेस्टाइनच्या एकाही मुलाचं भलं नाही. एका सबंध कौमेविषयी एक गोष्ट रचायची, तिच्यातला प्रत्येक जण कटवाला दाखवायचा, ती पुन्हापुन्हा सांगायची, हे काय असतं ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आपण त्या गोष्टीत राहतो. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी तिचा नवा भाग येतो.

मला राग आला त्याचं कारण मात्र वेगळंही होतं. या खेळावर माझा जो भरवसा बसला होता तो असा की दुसऱ्याच्या तोंडून बोललं की दुसरा कळतो. आणि इथे एक माणूस, ज्याने दुसऱ्यांच्या तोंडून बोलण्यात आयुष्य घालवलं, क्लॅमथ, बलुची, उर्दू, वर स्वतः रचलेल्या भाषा, ज्याने आपला धर्म बदलला, नाव बदललं, त्याला एका कौमेतली माणसं माणसं दिसली नाहीत.

मग मी माझ्याकडेच पाहिलं. आमच्या लाडक्या होशरुबात जादूगर तेवढे सगळे दुष्ट, शेवटी त्यांनी ईमान आणायचं नाहीतर मरायचं, तिसरी वाट नाही. लहानपणी मला त्यात काहीच खटकलं नाही, माझी बाजू जिंकत होती. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये ऑर्क नावाची जमात जन्मानेच रानटी. खऱ्या दुनियेत काही वंशांना हिणवण्यासाठी जे लिहिलं जात होतं, तसंच आपण यांच्याविषयी लिहिलं, अशी कबुली ती छापणाऱ्या कंपनीने २०२० साली दिली. आणि मी? मी चार नाक्यांवर चार शिपाई उभे केले होते, चौघांची एकच भाषा.

फरक एवढाच की माझ्या टेबलावर ती मुलगी होती. बार्करसमोर कुणी हात वर केला का, मला माहीत नाही. टोपणनावाने एकट्याने लिहिलेल्या पुस्तकात हात वर करायला कुणी नसतंच.

पुढच्या शनिवारी मी मुलांना दोन्ही सांगितलं. आधी त्या प्रश्नाचं. म्हटलं, चूक माझी होती, बदलू या. मग सांगितलं की इमादशाहीच काय, दख्खनच्या बऱ्याच सुलतानींचा कारभार मराठीशिवाय चालत नव्हता. फारसी दरबारात, पण परगण्याचा हिशेब ठेवणारे देशमुख-देशपांडे मराठीत लिहायचे. कोणत्या गावात कुणाची विहीर, कुणाचं शेत, हे ज्या कागदांत असायचं ते कागद मराठीत. मुलांनी क्षणात ताडलं की गोड पाण्याची विहीर शोधायची तर आपल्याला शिपाई नको, कागद वाचणारा हवा. टोळीत हवा. कोण होणार? सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण जो होईल त्याला सारखं मराठी बोलावं लागणार.

"मैं," ती म्हणाली. नाव तिनेच ठेवलं, गोदा. देशपांड्यांची लेक, बापाकडून मोडी शिकलेली.

मग बार्करचं सांगितलं. सातवी-आठवीच्या मुलांना जितकं सांगता येतं तितकं. होलोकॉस्ट म्हणजे काय तेही सांगावं लागलं, त्यातच अर्धा तास गेला. सगळं ऐकून झाल्यावर सातवीतल्या एकाने विचारलं, "सर, इतनी सारी जबानें आती थीं उनको?"

"हो."

"और फिर भी?"

"और फिर भी," मी म्हटलं.

सहा पानं कपाटातून काढली. फाडली नाहीत. व्याकरणाचे अडले. आदरार्थी बहुवचन ठेवायचं की एकवचनावर यायचं? मराठीत हा निर्णय प्रत्येक क्रियापदाला घ्यावा लागतो, इंग्रजीत लिहिणाऱ्यांची यातून सुटका आहे. शेवटी बहुवचन राहू दिलं, 'साहेब' मात्र काढलं. त्यांचं उर्दूचं पुस्तक चांगलं असेल तर चांगलंच म्हणावं लागेल, आणि बाकीचं लगेच पुढच्या परिच्छेदात सांगावं लागेल, तळटीपेत नाही.

गेल्या शनिवारी टोळी पाचव्या नाक्यावर पोहोचली. या नाक्यावरचा शिपाई मी नव्हतो. आठवीतला एक मुलगा म्हणाला, मला होऊ द्या, आणि त्याने शिपायाला अशी जाडजूड फारसीमिश्रित उर्दू दिली की मीच दोनदा अडलो. त्याच्या आजोबांची नक्कल होती ती, नंतर कळलं. कागज पेश किया जाए, वगैरे.

गोदा पुढे झाली. तिने हात असे धरले की हातात खरोखर कागद असावा. "हा परगण्याचा कागद हाय," ती म्हणाली. "तुमाले वाचता येते का? नाई येत? मंग मी वाचून दाखवतो." वऱ्हाडीत बाया 'मी करतो, मी जातो' म्हणतात ते तिने कुठून उचललं, मी शिकवलेलं नाही. दुकानाच्या गल्ल्यामागे बसून ऐकलं असणार. 'माझा आवडता ऋतू'मध्ये मी ते लाल शाईने कापलं असतं. मग तिने वाचायला सुरुवात केली. पेढीच्या काठी तीन लिंब, लिंबाखाली पार, पाराच्या उगवतीला विहीर, पाणी गोड, वापर समद्या गावाचा. कागदात हे काहीच नव्हतं, कागदच नव्हता. शिपाई झालेला मुलगा तोंड उघडं ठेवून ऐकत होता.

मी म्हटलं, अकरा किंवा वर. डब्यात नऊ चिठ्ठ्या उरल्या होत्या. मागे बसलेल्यांनी केव्हाच मोजून ठेवलं होतं की त्यांतल्या सहा अकराच्या वरच्या आहेत. तिने डोळे मिटून काढली.

चार.

वर्गात शुकशुकाट. शिपायाने काठी आडवी धरली, त्यालाही वाईट वाटत होतं. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने चिठ्ठीची नीट घडी घालून बाकावर ठेवली, हातातला नसलेला कागद गुंडाळून कमरेला खोचला आणि म्हणाली, "थांबा. माह्याजवळ दुसरा कागद हाय."